तोचिदाइरात उतरायला चांगली जागा

प्रिय शुहेइ,

तुझा फोनवरचा निरोप मिळाला. "ताई, फेब्रुवारीत मी आणि मिहो स्कीसाठी येतोय. गावात उतरायला चांगली जागा कुठली?" बस, एवढंच. वाचून मला अशी शिसारी आली की म्हटलं, याला फोनवर उत्तर द्यायचंच नाही. कागदावर लिहायचं, म्हणजे तुला मध्येच "मीटिंग आहे" म्हणून सटकता येणार नाही. काजियाच्या मुलाने काजियाच्या मुलीला विचारायचं, की तोचिदाइरात उतरायला चांगली जागा कुठली. ज्या काजिया घराच्या वरच्या पाच खोल्यांत आजोबांच्या काळापासून परकी माणसं येऊन झोपतात, त्या घरातला मुलगा आपल्याच गावात खोली शोधतोय. नळ दुरुस्त करणाऱ्या ओमोरीला कळलं तर तो वर्षभर हसेल. निदान खोटं तरी बोलायचंस. ऑफिसने परस्पर खोल्या घेतल्यात म्हणाला असतास, तर मी ऐकून घेतलं असतं.

कारण मला ठाऊक नाही असं समजू नकोस. गेल्या हिवाळ्यात लग्नानंतर पहिल्यांदा मिहोला घेऊन आलास, आठवडा राहणार होतात, आणि तिसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखायला लागलं म्हणून गाडी काढलीस. नागोयाला पोचल्यावर मला फोन करून म्हणालास, "आईने तिला घरात घेतलंच नाही." मी तेव्हाही तुझ्यावर चिडले होते. घरात घेतलं नाही म्हणजे काय? डोंगर दिसतो ती समोरची खोली तिला दिली. कापूस नुकताच पिंजून आणलेली गादी दिली. आंघोळीचं पाणी तापलं की पहिली तिला हाक, आम्ही दोघी सगळ्यांच्या शेवटी. ऐंशी ओलांडलेली आपली आई रोज संध्याकाळी तिच्या दाराशी गुडघ्यांवर बसून ताट आत सरकवत होती आणि "काही कमी पडलं तर सांगावं" म्हणत होती. सुनेला अहो-जाहो. मिहो एकदा वाट्या घेऊन स्वयंपाकघरात आली, तर आईने तिच्या हातातून वाट्या घेतल्या, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आपण बसावं." मी तिथेच मुळे चिरत होते. मिहोचा चेहरा मी पाहिला. पण मला वाटलं, लाजली असेल.

असो. तुझा निरोप मी मुद्दाम आईला मोठ्याने वाचून दाखवला. आम्ही कोतात्सुत, त्या शेगडीवाल्या बुटक्या टेबलाखाली, पाय घालून बसलो होतो, बाहेर बर्फ छपराला टेकलं होतं. मला वाटलं, चिडेल, निदान रडेल तरी, आणि मग मी तुला दोन शब्द सुनावायला मोकळी होईन. तर आईने चष्मा लावला, निरोप स्वतः पुन्हा वाचला आणि मला विचारलं, "त्यांना जेवणासकट हवंय की नुसतं झोपायला? शुहेइचा गुडघा अजून दुखतो का? जिने चालतील?" शुहेइ, एखादं गिऱ्हाईक स्टेशनवरून फोन करतं तेव्हा ती जे विचारते, तेच. मी म्हटलं, "आई, तो तुझा मुलगा आहे." तर म्हणाली, "हो ना. मग त्याला वाटेल ते सांगून कसं चालेल?"

आपल्या घराचा नियम तू विसरला असशील. घर भरलं म्हणून दाराशी आलेल्याला परत पाठवायचं नाही, दुसऱ्या घरी नेऊन सोडायचं, आणि तिथलं दार उघडेपर्यंत बर्फात उभं राहायचं. आणि जिथे आपण स्वतः पाय ठेवलेला नाही, तिथे कोणाला न्यायचं नाही. बाबा गेल्यापासून कोणाला कुठे नेण्याची वेळच आली नव्हती, कारण घर भरतंय कुठे? पण नियम तो नियम. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पायात गवती बूट चढवून दाराशी तयार. "चल," म्हणाली, "बघून येऊ." त्या दिवसापासून या म्हातारीच्या मागे मी गावातली एकेक घाण पाहत फिरले आहे, आणि ती सगळी तुला ऐकवल्याशिवाय मी राहणार नाही.

पहिल्यांदा स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या पाळण्याखालचं मोठं हॉटेल. तू बहुधा मनात तेच धरलं असशील, जाहिरातीत चकाचक दिसतं. आत शिरलं की ओल्या गालिच्याचा वास, कुत्रं भिजल्यावर येतो तसा. माणसं स्कीचे बूट घालून त्या गालिच्यावर धाड धाड चालतात आणि गोठ्यातून जनावरं सुटल्यासारखा आवाज होतो. आम्ही पोचलो तेव्हा सकाळच्या खाण्याची वेळ होती. लांबलचक टेबलावर स्टीलच्या तसराळ्यांत अंडी, वर साय धरलेली आणि खाली पाणी सुटलेलं. एकाच चिमट्याने लोक मासे उचलतात आणि त्याच चिमट्याने केक. आंघोळीच्या झग्यातच जेवायला आलेला एक जाडा माणूस खेकड्याच्या तंगड्यांचा ढीग घेऊन बसला होता. अर्ध्या चोखायचा, अर्ध्या तशाच टाकायचा, पुन्हा उठून नव्या आणायचा. आई मात्र काउंटरवरच्या मुलाशी बोलत उभी. "पाहुणा आला की तुमच्याकडे दार कोण उघडतं?" त्याला वाटलं म्हातारी वाट चुकली आहे. "आजी, दार आपोआप उघडतं." आईने मान डोलावली. मग म्हणाली, "आणि जाताना?" "जातानाही आपोआपच, आजी." बाहेर आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं. म्हणाली, "काचा स्वच्छ आहेत." आईच्या तोंडून याहून वाईट शेरा मी आजवर ऐकलेला नाही.

मग हामागुचींचं पेन्शन, म्हणजे घरगुती लॉज. तेच, योकोहामाहून येऊन उतरत्या छपराचं परदेशी घर बांधलं ते जोडपं. आपण लहान असताना ते चित्रातल्यासारखं वाटायचं. आता त्या लेसच्या पडद्यांना चीजचा वास आणि प्रत्येक खिडकीत कापडी अस्वलं, सर्दाळलेली. एकाला हात लावला तर ते माझ्या बोटांना चिकटलं. सोफ्यावर त्यांचा कुत्रा झोपतो, तिथेच पाहुणे बसतात, आणि मिसेस हामागुची त्याच हाताने त्याचे डोळे पुसते आणि पाव कापते. रात्रीच्या जेवणानंतर हामागुची गिटार घेऊन बसतो. सगळ्यांनी गोल बसायचं, टाळ्या वाजवायच्या आणि प्रत्येकाने आपण कुठून आलो ते सांगायचं. दमून आलेल्या माणसाला ही शिक्षा कशाला? आम्हाला त्याने दुपारीच एक गाणं ऐकवलं. आई दाराशीच उभी राहून शेवटपर्यंत ऐकत राहिली. बाहेर पडल्यावर म्हणाली, "पोरगा चांगला आहे." पोरगा सत्तरीला आलाय. "पण त्याच्याकडे उतरलेल्याला त्याचं मन राखावं लागतं. मिहो आधीच मन राखणारी आहे."

मिहोचं नाव तिने असं सहज घेतलं तेव्हा माझे कान टवकारले. पण ती पुढे चालायला लागली होती.

आपल्या शाळेचं काय झालंय ते मी तुला आजवर मुद्दाम सांगितलं नव्हतं. मुलंच उरली नाहीत म्हणून बंद पडली, ते तुला माहीत आहे. आता तिथे स्कीवाल्या पोरांसाठी स्वस्तात झोपायची सोय केली आहे. आपल्या चौथीच्या वर्गात फळ्यांची खणं ठोकलीत, एकावर एक, प्रत्येकाला एक पडदा. आत माणूस शिरला की फक्त पाय दिसतात. आणि तळमजल्यावर, जिथे आपण पूर्वी दुपारचं जेवण वाढून घ्यायचो, तिथे बूट-मोजे वाळवायची खोली. शुहेइ, त्या खोलीचं दार मी उघडलं आणि दोन पावलं मागे सरले. शंभरेक हातमोजे, बूट आणि घामाने चिंब मोजे एका हीटरभोवती शिजत होते. तो वास माझ्या मफलरला असा लागला की दोनदा धुऊनही जात नाही. मोरीत केसांचा बोळा. जिन्यावर बसून पोरं कपातल्या शेवया सुरसुर ओढत होती आणि उरलेलं पाणी खिडकीतून खालच्या बर्फावर ओतत होती. पिवळे डाग पडले होते तिथे, त्यातले सगळेच शेवयांचे असतील असं मला वाटत नाही. मी म्हटलं, आई, पुरे, घरी चल. तर ती बूट काढून खालच्या एका खणात सरळ आडवी झाली. "पडदा ओढ," म्हणाली. मी ओढला. त्या स्कीवाल्या पोरांसमोर मी ताटकळत उभी, आणि पडद्याआड आपली आई. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "गादी वाईट नाही. पण इथे दोघांना एकत्र बसून चहा पिता येणार नाही."

वरच्या आळीतल्या जुन्या र्योकानमध्ये, त्या पारंपरिक अतिथीगृहात, मात्र ती शिरलीच नाही. मला तर तेच बरं वाटत होतं, निदान तिथे लोकांना घराच्या पायरीवर बूट काढायची अक्कल आहे. ती फाटकाशी थांबली. आतून मालकीणबाई किमोनो सावरत, ते ठरलेलं हसू हसत धावत आल्या, "अहो काजियाच्या आजी, या ना, चहा घ्या." आईने तितक्याच वाकून नमस्कार केला आणि आम्ही परतलो. बाई आत गेल्यावर मला म्हणाली, "इथे नको. ही मिहोला माझ्याहून गोड बोलेल, माझ्याहून खाली वाकेल. मिहो पुन्हा तिसऱ्या दिवशी निघून जाईल." मी रस्त्यात थांबले. तू मला फोनवर काय म्हणाला होतास ते मी आईला कधीच सांगितलं नव्हतं, देवाशपथ. "तुला कसं कळलं?" विचारलं. आई म्हणाली, "ती गेली त्या दिवशी मी खोली आवरायला गेले ना. गादी घडी करून कोपऱ्यात ठेवली होती. सुरेख घडी. घरातलं माणूस गादी कपाटात टाकतं, नोरिए. घरवाले उचलतील म्हणून कोपऱ्यात ठेवतो तो पाहुणा." एवढं बोलून ती चालायला लागली. वर्षभर ही गोष्ट पोटात ठेवून ती माझ्यासमोर जेवत होती, आणि मला वाटत होतं की मीच तिच्यापासून काही लपवते आहे.

शेवटी उरलं ते किल्लीवालं घर. मारुतांचं जुनं घर पाडून तिथे कोणा शहरी कंपनीने चार मजली सिमेंटचा खोका उभा केलाय. मालक नाही, मालकीण नाही. दाराला एक डबी, तिच्यात आकडे फिरवायचे, की किल्ली बाहेर पडते. पैसे फोनवर, बोलणं फोनवर, तक्रार फोनवर. मी या जागेचा गावातल्या सगळ्या जागांपेक्षा जास्त तिरस्कार करते आणि ते लपवायची मला गरज वाटत नाही. माझ्या वर्गातली फुसाए तिथे साफसफाई करते. जुने लोक गेले आणि नवे यायचे होते, त्या मधल्या वेळात तिने आम्हाला तिसऱ्या मजल्यावर नेलं. दार उघडताच ती म्हणाली, "नाक धरा, आजी." पलंगावर बुटांसकट कोणी झोपलं होतं, चादरीवर काळे पट्टे. न्हाणीच्या टबात बर्फ भरून त्यात बियर गार केलेली, बर्फ वितळून त्या पाण्यात सिगारेटची थोटकं. चहाच्या किटलीत अंडी उकडलेली, एक फुटून आतच वाळलेलं. आणि कचरा, शुहेइ. माशांची डोकी, बाटल्या, प्लास्टिक, सगळं एकाच पिशवीत कोंबून. गावात आपण दुधाचा खोका धुऊन, कापून, वाळवून, ठरलेल्या दिवशी ठेवतो, आणि हे लोक तो ढीग फुसाएच्या अंगावर सोडून जातात. "हे रोजचंच," फुसाए म्हणाली. "परवा तर कपाटात ओकले होते. दार लावून घेतलं होतं, निदान तेवढी लाज." मी खिडकी उघडून तोंड बाहेर काढून उभी राहिले.

मागे वळून बघते तर आई स्वयंपाकघरात. नळ सोडून पाहिला. शेगडी पेटवून पाहिली. खण उघडून पातेली, सुरी, वाट्या, एकेक हातात घेऊन परत ठेवल्या. मग फुसाएला विचारलं, "इथे उतरणाऱ्याला वाढतं कोण?" "कोणी नाही, आजी, ज्याचं त्यानं." "दाराशी कोण बसतं?" "इथे कोण बसणार?" "मग या घराची मालकीण कोण?" फुसाएने हातातला बोळा बादलीत टाकला आणि म्हणाली, "जिच्या हातात किल्ली ती. तेवढे दिवस तीच." आई हे ऐकून त्या घाणीतच एका खुर्चीवर बसली. दुसऱ्याच्या घरात आईला अशी टेकून बसलेली तू कधी पाहिलीस का? मी नाही पाहिली. लग्नाला जरी गेली तरी ती मांडवात उभी असते, नाहीतर ताटं उचलत असते.

घरी येऊन तिने मुळे खारवायला घेतले आणि दोन दिवस त्यातच होती. काल सकाळी मुळ्यांच्या पिंपावर दगड ठेवता ठेवता म्हणाली, "शुहेइला ते किल्लीवालं घर सांग." माझं डोकंच फिरलं. मी नाही नाही ते बोलले. म्हटलं, आयुष्यभर लोकांना स्वच्छ गादी दिलीस आणि पोटच्या पोराला त्या उकिरड्यात पाठवतेस? त्यापेक्षा त्याला सरळ घरी बोलाव, ओरड त्याच्यावर, पण बोलाव. आई शांतपणे म्हणाली, "मिहो इथे आली की मी पुन्हा तेच करीन. दाराशी बसेन, तिला आधी आंघोळीला पाठवीन, हातातल्या वाट्या काढून घेईन. मला माणसाला जीव लावायचा दुसरा प्रकार येत नाही गं, आणि या वयात शिकता येईल असं वाटत नाही. तिथे ती मालकीण असेल. मी तिच्याकडे जाईन."

म्हणून हे पत्र. तुला चार शब्द सुनावायला म्हणून मी बसले होते खरी, पण आईनेच मला लिहायला बसवलं आहे, कारण कोणाच्या घरी मला बोलवा असं सांगायची तिला आयुष्यात सवय नाही. तेव्हा दुसरीकडे कुठे खोली घेतली असशील तर सोड आणि ते किल्लीवालं घर घे. तिसरा मजला, जिना रुंद आहे, तुझ्या गुडघ्याला चालेल. तुम्ही यायच्या आधी मी आणि फुसाए ते घासून काढू, किटली तर मी नवीनच आणून ठेवणार आहे. मिहोला सांग की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई जेवायला येणार आहे. साधं काहीही कर म्हणावं, भात-सूप पुष्कळ झालं, खारट झालं तरी आई खाईल. जेवण झाल्यावर ती भांडी घासायला उठेल, उठल्याशिवाय राहणार नाही. तिला आपल्याबरोबर घासू द्यायची की हातातून वाटी काढून घेऊन बसवायची, हे मिहोने ठरवावं. तिने काहीही ठरवलं तरी आई ते मुकाट्याने घेणार आहे, असं आईने मला सांगितलं आहे. मला त्या घराची किळस आहे ती आहेच, पण मीही येईन. आई मात्र घाबरली आहे, शुहेइ. आज भात चिवडत मला विचारत होती, कोणाकडे पाहुणी म्हणून गेलं की जेवण येईपर्यंत हात कुठे ठेवायचे असतात. मला सांगता येईना. मिहोला विचारून कळव.

तुझीच,
नोरिए ताई